नवा स्मार्टफोन असा लावून घ्या, की तो दुसऱ्याच्या हातात द्यावा लागणार नाही

सीमाभागातल्या मराठी घरात फोनचा एक वेगळाच त्रास असतो. वीज कंपनीचा मेसेज कन्नडमध्ये येतो, बँकेचा इंग्रजीत, आणि घरात बोलणं-वाचणं सगळं मराठीत. मग मेसेज आला की माणूस शेजारच्या दुकानात जातो, "अण्णा, हे काय आलंय जरा बघा की," म्हणतो आणि कुलूप उघडलेला फोन काउंटरवर ठेवतो. खानापूर असो, निपाणी असो की वडगाव-शहापूर, हे रोज चालतं. वाचून दाखवणारा बहुतेक वेळा भलाच असतो. पण त्या दोन मिनिटांत फोनमधले सगळे मेसेज, पैशाचं अ‍ॅप, फोटो, आधारची कॉपी असं सगळं उघडं असतं. शिवाय कुणी मागितला की फोन द्यायचा असतो, ही सवय लागते. फसवणारा नेमकी तीच सवय हेरतो.

म्हणून या लेखात महागडा फोन कोणता घ्यावा, अँटिव्हायरस कुठला टाकावा, हे काही नाही. अँटिव्हायरस विकत घेऊ नका, अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट ही घातक अ‍ॅप्स तपासणारी सोय असते तेवढी चालू ठेवा, एवढंच त्यावर सांगणं आहे. भर आहे तो फोन मालकाच्या हातातच राहावा यावर. आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी पहिल्यांदाच स्मार्टफोन घेतला असेल, तर एक निवांत संध्याकाळ काढा आणि खालच्या क्रमाने बसवा. मेनूची नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. सेटिंग्जच्या वरच्या शोध-चौकटीत शब्द टाकला की जागा सापडते.

1. आधी भाषा

सेटिंग्ज, सिस्टीम, भाषा. इथे मराठी पहिल्या क्रमांकावर आणा, इंग्रजी दुसऱ्या. दुकानदार फोन इंग्रजीतच लावून देतो आणि घरातली तरुण मंडळीही "मराठीत शोधायला अवघड जातं" म्हणून तसाच ठेवतात. हे चूक आहे. फोन ज्याचा, त्याला वाचता आला पाहिजे. "अनुमती द्यायची का?" असं मराठीत विचारलं तर आजी थांबून वाचते, इंग्रजीत विचारलं तर दिसेल ते निळं बटण दाबते. फोनपे, व्हॉट्सअ‍ॅप, भीम यांच्या आतही मराठी निवडता येते, तीही निवडून ठेवा.

कीबोर्डमध्ये मराठीचा माइक चालू करून द्या. टाइप करता येत नाही म्हणून फोन दुसऱ्याकडे जाण्याचे निम्मे प्रसंग इथेच संपतात.

2. कुलूप

सहा आकडी पिन ठेवा. बोटाने ओढायचा पॅटर्न नको, कारण काचेवर बोटाचा माग राहतो आणि बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही तो सहज पाठ होतो. जन्मसाल, गाडीचा नंबर, 123456 हे तर नकोच. बोटाचा ठसा जरूर लावा, पण शेतात, गवंडीकामात किंवा मागावर काम करणाऱ्यांच्या बोटांची रेषा झिजते आणि ठसा वारंवार नाकारला जातो. अशा वेळी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवा. काही फोनमध्ये एकच बोट दोनदा नोंदवता येतं, त्यानेही ओळख सुधारते.

मग सेटिंग्जमध्ये "लॉक स्क्रीनवरील सूचना" शोधा आणि संवेदनशील मजकूर लपवा. हे केलं नाही तर कुलूप असूनही ओटीपी वरच दिसतो. फोन टेबलावर पडलेला असला तरी शेजारचा वाचू शकतो.

3. कन्नड मेसेज स्वतः वाचा

हा भाग शिकायला अर्धा तास लागला तरी लावा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

कन्नड मेसेज उघडा. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून स्क्रीनशॉट काढा. तो गूगल फोटोजमध्ये उघडून खालच्या लेन्सच्या चिन्हावर टॅप करा, "भाषांतर" निवडा, भाषा कन्नडवरून मराठी ठेवा. मजकुराच्या जागीच मराठी दिसतं. कागदावरचं काही असेल, म्हणजे पंचायतीची नोटीस, बिल, दवाखान्याची चिठ्ठी, तर लेन्सचा कॅमेरा त्यावर धरा. नव्या बऱ्याच फोनमध्ये खालची पट्टी दाबून धरली की "सर्कल टू सर्च" उघडतं. त्यातल्या भाषांतराच्या चिन्हाने स्क्रीनशॉटसुद्धा लागत नाही.

जिथे नेट धड मिळत नाही, उदाहरणार्थ खानापूरच्या जंगलपट्टीत, तिथल्यांनी गूगल ट्रान्सलेट टाकावं आणि त्यात कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा ऑफलाइनसाठी उतरवून ठेवाव्यात. मग मेसेजचा मजकूर कॉपी करून त्यात चिकटवला की नेटशिवाय अर्थ कळतो. एकच भाषा उतरवली तर काम होत नाही, ही नेहमीची चूक.

यंत्राचं भाषांतर ओबडधोबड असतं. सरकारी कन्नडचं तर जास्तच. पण तुम्हाला तीन गोष्टी कळायला पुरे: कुणी पाठवलंय, किती रुपयांचं आहे, आणि काही करायला सांगितलंय का. रक्कम, तारीख, फोन नंबर मूळ मेसेजमध्ये साध्या आकड्यांतच असतात, ते तिथूनच वाचा. काम झालं की स्क्रीनशॉट काढून टाका, आणि ओटीपीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट कधीच काढू नका.

आता एक मेसेज जवळून बघू. "आज रात्री 9.30 वाजता तुमची वीज तोडली जाईल, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, ताबडतोब या अधिकाऱ्याशी बोला," आणि पुढे दहा आकडी मोबाईल नंबर. कन्नडमध्ये येतो, इंग्रजीतही येतो. भाषांतर केल्यावर आधी पाठवणारा बघा. कंपन्या, बँका आणि सरकारी खाती अक्षरांच्या नावाने मेसेज पाठवतात, आणि आता त्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असतं: सरकारीसाठी जी, व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, जाहिरातीसाठी पी. वीज तोडण्याची धमकी कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवरून आली, तर ती तिथेच संपली. तरी मनात शंका राहिली तर मेसेजमधल्या नंबरावर फोन करू नका. पैशाच्या अ‍ॅपमध्ये वीजबिल निवडा, हेस्कॉम ही आपली वीज कंपनी निवडा, बिलावर छापलेला खाते क्रमांक टाका. थकबाकी असेल तर तिथे दिसेल, नसेल तर नाही. हेस्कॉमची मदतवाहिनी 1912 आहे. मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येणाऱ्या घरांनाही हा मेसेज येतो आणि ते लोकही घाबरतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये आले का हे बघण्यासाठी दर महिन्याला फोन घेऊन कुणाकडे तरी जाणाऱ्या बायका खूप आहेत. त्यासाठी राज्य सरकारचं डीबीटी कर्नाटक हे अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे. पहिल्यांदा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी लागतो, मग स्वतःचा पिन ठेवायचा. पैसे आले नाहीत असं वाटत असेल तर एक गोष्ट आधी तपासा: रक्कम आधारला जोडलेल्या खात्यातच जाते, आणि ते खातं बऱ्याचदा आपण समजतो त्यापेक्षा वेगळं असतं. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या "गृहलक्ष्मीचा अडकलेला हप्ता मिळवा" छापाच्या लिंकांना हात लावू नका.

4. फोन द्यावाच लागला तर: अ‍ॅप पिन करणं

कधीकधी इलाज नसतो. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात अर्जाची पावती दाखवायची असते, कंडक्टरला ओळखपत्राचा फोटो दाखवायचा असतो, लहान मुलाला व्हिडिओ लावून द्यायचा असतो. अँड्रॉइडमध्ये यासाठी एक उत्तम सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही.

सेटिंग्जमध्ये सुरक्षेखाली "अ‍ॅप पिन करणे" किंवा "स्क्रीन पिन करणे" शोधून चालू करा. तिथेच "अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा" हेही चालू करा. हे राहिलं तर सगळी मेहनत फुकट. मग दाखवायचं अ‍ॅप उघडा, अलीकडच्या अ‍ॅप्सची यादी आणा, त्या अ‍ॅपच्या वरच्या चिन्हावर टॅप करून "पिन करा" म्हणा. आता समोरच्याला फक्त तेवढंच अ‍ॅप दिसतं. बाहेर पडायचं तर तुमचा पिन लागतो. आयफोनमध्ये हीच सोय गाइडेड अ‍ॅक्सेस या नावाने अ‍ॅक्सेसिबिलिटीत आहे.

एक काळजी घ्या. फोटोंचं अ‍ॅप पिन केलं तर बोट सरकवून पुढचे फोटो दिसतातच. त्यापेक्षा कागद सरकारच्या डिजिलॉकरमध्ये ठेवून तिथून दाखवावा, किंवा आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत वापरावी.

दुरुस्तीला देताना वेगळा नियम. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला तुमचा पिन लागत नाही. काचेचा स्पर्श तपासायचा तर कुलपावरच्या आणीबाणी कॉलच्या पडद्यावर आकडे दाबून तपासता येतो. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, तो चालू करून दिला की कारागिराला रिकामा फोन दिसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, मगच फोन द्या. पिन दिल्याशिवाय घेणार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा. गणपत गल्लीपासून टिळकवाडीपर्यंत दुकानांची वाण नाही.

5. सिम, आणि कुठला नंबर कशाला जोडलाय

इथल्या घरात बहुतेक दोन नंबर असतात. एक कर्नाटकातला, रेशन आणि आधारला जोडलेला. दुसरा चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडे घेतलेला, तिथल्या बँकेला किंवा पतसंस्थेला जोडलेला. दुसऱ्याला रिचार्ज करायचं राहून जातं. 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. तुमच्या बँकेचे ओटीपी मग त्याच्या फोनवर. म्हणून एका कागदावर लिहा: आधार, प्रत्येक बँक खातं, गॅस, गूगल खातं, व्हॉट्सअ‍ॅप, आणि प्रत्येकापुढे कुठला नंबर. जो नंबर ठेवायचा नाही तो आधी सगळीकडून बदला, मगच सोडा. राज्य बदललं तरी नंबर पोर्ट करता येतो, त्यामुळे नवा घेण्याची गरज फार कमी वेळा पडते.

सिमला पिन लावा. बसस्टँडवर फोन चोरीला गेला की चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला येऊ लागतात. सिम पिनने ते थांबतं. सेटिंग्जमध्ये "सिम लॉक" शोधा. मूळ पिन कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम उघडण्याचा आठ आकडी कोड, म्हणजे पीयूके, मागतो, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. फोन बंद करून चालू केला की हा पिन विचारला जातो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना तो लिहून द्या. नाहीतर फोन चालू दिसतो पण लागत नाही आणि घरचे घाबरतात.

नवं सिम घेताना "ठसा आला नाही, परत द्या" असं म्हणत दोनदा अंगठा घेतला असेल, तर दुसऱ्या ठशावर आणखी एक सिम निघालेलं असू शकतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो.

*#06# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि त्याच कागदावर उतरवा. फोन चोरीला गेला तर पोलिस तक्रारीची प्रत जोडून संचार साथीतूनच तो फोन देशभर बंद पाडता येतो, पण आयएमईआय लागतो.

6. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप

दुकानदाराने बनवलेलं गूगल खातं वापरू नका. त्याचा पासवर्ड त्याला माहीत असतो, आणि दोन वर्षांनी फोन बदलताना तुम्हालाच आत जाता येत नाही. स्वतः नवं काढा, रिकव्हरीला घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर द्या, द्विस्तरीय पडताळणी चालू करा. गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. पासवर्ड वहीत लिहू नयेत असं शहरातले लोक सांगतात. घरच्या कपाटातली वही ही फोनच्या संपर्कयादीत "एटीएम" नावाने पिन साठवण्यापेक्षा कितीतरी बरी.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, खाते, द्विस्तरीय पडताळणी, सहा आकडी पिन. आणि महिन्यातून एकदा "लिंक केलेली डिव्हाइस" उघडा. तिथे अनोळखी संगणक दिसला तर लगेच लॉग आउट करा. झेरॉक्सच्या दुकानात फाइल काढायला व्हॉट्सअ‍ॅप जोडलं आणि तसंच राहिलं, हा प्रकार फार चालतो. तुमचे सगळे मेसेज त्या संगणकावर येत राहतात.

7. लग्नपत्रिका आणि एपीके

ओळखीच्या नंबरवरून पत्रिका येते. उघडली की "हे अ‍ॅप टाकायचं का?" विचारते. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असतो. ती अ‍ॅप कधीच नसते. फाइलच्या नावाशेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे, मग नाव पत्रिकेचं असो, वाहनाच्या चलनाचं असो की पीएम किसानचं. पाठवणारा ओळखीचा असतो कारण त्याचा फोन आधीच फसलेला असतो. असं अ‍ॅप मेसेज वाचायची अनुमती मागतं आणि ओटीपी गुपचूप पुढे पाठवतं.

दारच बंद करा: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, विशेष अ‍ॅक्सेस, "अनोळखी अ‍ॅप्स इन्स्टॉल करणे". यादीत व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स या प्रत्येकापुढे बंद करा.

चुकून टाकलंच, तर पहिल्यांदा विमान मोड. वाय-फाय वेगळं चालू राहिलेलं नाही ना, हेही बघा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नंतर ते अ‍ॅप काढा. अशा अ‍ॅपचं चिन्ह अनेकदा दिसत नाही, म्हणून सेटिंग्जमधली पूर्ण यादी बघा. निघत नसेल तर "डिव्हाइस अ‍ॅडमिन" आणि "अ‍ॅक्सेसिबिलिटी" मधून त्याचा हक्क काढा आणि परत प्रयत्न करा. तरीही खात्री नसेल तर फोटो दुसरीकडे घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं.

8. पैसे

यूपीआय पिन पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. येताना पिन नाही, क्यूआर स्कॅन नाही, काहीच नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या.

यूपीआयला वेगळं खातं जोडा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवा. पेन्शन, दुधाचे, उसाचे पैसे ज्या खात्यात येतात ते फोनला जोडू नका. हा सल्ला लोकांना गैरसोयीचा वाटतो, कारण दुसऱ्या खात्यातून रक्कम आणायला बँकेत जावं लागतं. ती गैरसोय हवीच आहे. कुणी फोनवर घाई केली तरी देण्यासारखं काही हाताशी नसतं.

बँकांनी ग्राहकांना करायच्या सेवा-कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत, जाहिरातीसाठी 140 चे. साध्या मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याशी बोलायचंच नाही. स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्याशीही नाही. आणि डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही.

आधारचा अंगठाही कुलूपबंद करता येतो, म्हणजे ठशाची नक्कल करून कुणी पैसे काढू शकत नाही. मायआधारवर किंवा आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. मात्र इथे रेशन अंगठ्यावर मिळतं. कुलूप तसंच राहिलं तर दुकानातलं यंत्र ठसा नाकारतं आणि माणूस रांगेतून परत येतो. तात्पुरतं अनलॉक थोडाच वेळ टिकतं, म्हणून रेशनच्या रांगेत पाळी जवळ आल्यावर ते करायला शिका. घरात हे करून देणारं कुणी नसेल, तर लॉक करू नका.

पैसे गेलेच तर

लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते, आणि मधल्या कुठल्या तरी बँकेत ती गोठवायची असते, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या: तुमची बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर. तो अ‍ॅपमधल्या त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. समोरचा कन्नडमध्ये बोलला तरी आकडे स्पष्ट सांगितले की काम पुढे सरकतं. तक्रार क्रमांक मिळेल. तो वापरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर 24 तासांच्या आत तपशील पूर्ण करा. बेळगाव शहर आणि जिल्हा या दोन्हीकडे सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची, पोलिस ठाणी आहेत, तिथेही जाता येतं.

त्यासोबत बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही 3 कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.